‘पैसा स्वच्छ असेल तर भीती कशाची?’ या प्रतिक्रियेला उत्तर

स्वॅप सेवांकडे पाठवलेली क्रिप्टो नाणी मध्येच गोठू शकतात, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, क्रिप्टोच्या स्वॅप सेवा, म्हणजे एक नाणे घेऊन दुसरे देणाऱ्या सेवा, कुणाचा पैसा ताब्यात ठेवतच नाहीत, त्यामुळे तो गोठण्याची भीती घालणे हा निव्वळ कांगावा आहे; शिवाय ज्याचा पैसा स्वच्छ आहे, त्याने चौकशीला घाबरण्याचे कारणच नाही.

माझी चूक आधी मान्य करतो. युनिस्वॅपसारख्या ठिकाणी अदलाबदल स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधून, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममधून, एकाच व्यवहारात पुरी होते, नाहीतर मुळीच होत नाही. तिला आणि खाते न उघडता चालणाऱ्या झटपट स्वॅप संकेतस्थळांना मी एकाच पंगतीत बसवले, ते बरोबर नव्हते. परंतु या दुसऱ्या प्रकारात आपण आपली नाणी आधी त्यांच्या पत्त्यावर पाठवतो आणि त्यानंतरच बदली नाणी येतात. ती मधली काही मिनिटे पैसा त्यांच्याच हातात असतो, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. नाण्यांचा पूर्वेतिहास तपासला जातो तोही बहुधा त्याच वेळी. आपल्या सराफ्यात जुने सोने मोडायला गेलो आणि सराफाने पावती मागितली, तर दागिना खिशात घालून परत फिरता येते. इथे दागिना गल्ल्यात गेल्यावर पावतीची आठवण होते.

आता स्वच्छ पैशाविषयी. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एका अनोळखी विक्रेत्याकडून यूपीआयने पैसे देऊन 600 यूएसडीटी (डॉलरशी मूल्य बांधलेली क्रिप्टो नाणी) घेतले आणि बिटकॉइन करण्यासाठी अशाच एका सेवेकडे पाठवले. पडद्यावर हिरवी खूण येण्याऐवजी ‘होल्ड’ हा शब्द आला. पाठोपाठ ईमेल: पासपोर्ट पाठवा, तारीख लिहिलेला कागद हातात धरून सेल्फी काढा, नाणी कुठून आली त्याचा पुरावा द्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट त्याने दिला. पण विक्रेत्याला ती नाणी कुणाकडून मिळाली, हे तो बिचारा कुठून सांगणार? त्याने काही वावगे केले नव्हते, नाणे मात्र दोन-तीन हात आधीच कुठेतरी बाटले होते. तेवीस दिवसांनी शुल्क कापून रक्कम परत आली. तोवर तक्रार कुणाविरुद्ध करायची हेही कळत नव्हते, कारण कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे याचा संकेतस्थळावर पत्ताच नव्हता.

‘भारतीय एक्स्चेंजवर तरी पैसे अडकले नाहीत का?’ हा आपला टोला रास्त आहे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवर सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले. मात्र तिथे जाब विचारायला समोर कुणीतरी होते, प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्वतःच्या वॉलेटमधले यूएसडीटी किंवा तशाच प्रकारचे यूएसडीसीही पूर्णपणे आपल्या मुठीत नसतात, कारण ती काढणारी कंपनी एखादा पत्ता कॉन्ट्रॅक्टमध्येच काळ्या यादीत टाकू शकते. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेने टोर्नेडो कॅश या नाण्यांचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले, तेव्हा यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीने त्या पत्त्यांवरचे यूएसडीसी असेच गोठवले.

आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी, हा आपण दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. लहान रक्कम सुटते आणि मोठी अडते, असे होऊ शकते. त्याऐवजी ऑर्डर क्रमांक, व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरची त्याची ओळखखूण) आणि खरेदीची नोंद जपून ठेवलेली बरी. मावसभावाची रक्कम सुटली ती त्यांच्याच आधारे. लेखातला युनिस्वॅपचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.