बॅटरी धरणारं पोरगं

सकाळी अजून चहाही घेतला नव्हता, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. जीपच्या बॉनेटवर भेकर, म्हणजे ते लहानसं रानातलं हरीण, आडवं टाकलंय. मान खाली लोंबतेय, जीभ दातांत अडकलीय. मागे पाच पुरुष, कपाळाला हेडलाइट बांधलेले, एकाच्या खांद्यावर बंदूक, बाकीच्यांचे अंगठे वर. खाली दोनच शब्द: 'सीझन सुरू'. तासाभरात त्यावर टाळ्या पडल्या, आगीच्या खुणा पडल्या, आणि 'आमचा वाटा ठेवा रे' असं चौघांनी लिहिलं. चौघेही माझ्या वर्गातले. त्यातला एक शिक्षक आहे.

मी एवढंच लिहिलं, की हा गुन्हा आहे, फोटो काढून टाक. उत्तर आलं, 'शहरात राहून माणसं मऊ होतात.' दुसऱ्याने विचारलं, चिकन खातेस ना? तिसऱ्याने परंपरा काढली. मग ॲडमिनने 'ग्रुपवर वाद नकोत' म्हणून माझाच मेसेज उडवला. फोटो अजून तिथेच आहे.

म्हणून इथे लिहितेय. तुम्ही माझी माणसं. मजेसाठी जीव घेऊ नये हे तुम्हाला पटवत बसायला लागणार नाही.

पण दिवसभर जे टोचतंय ते वेगळंच आहे. फोटो मोठा करून बघितला तर उजव्या कडेला एक पोरगं उभं आहे. नऊ-दहा वर्षांचं असेल. हातात बॅटरी. त्याचा अंगठा वर नाही. ते भेकराकडे बघतंय की खाली जमिनीकडे, ते कळत नाही.

मी ते पोरगं होते.

१९८४ ची दिवाळीची सुट्टी. कोकणात आजोळी. भात कापायला आठ दिवस राहिलेले आणि रानडुकरांनी दोन रात्रींत निम्मा मळा लोळवला होता. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगते, डुक्कर भात खातं त्याहून जास्त तुडवतं. मामा तीन रात्री जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, मळ्यातल्या माळ्यावर बसला होता. चौथ्या रात्री मी हट्ट करून गेले. मामाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आणि माझ्याकडे तीन सेलची बॅटरी. काम एकच. मामाने कोपराने खुणावलं की बटण दाबायचं आणि हात हलवायचा नाही. 'बाय, हात हलवा नको,' त्याने दहादा तरी सांगितलं असेल.

मध्यरात्र उलटल्यावर बांधाखाली खसपस झाली. कोपर लागलं. मी बटण दाबलं. बार झाला. मग धूर, दारूचा वास, आणि रानाच्या दिशेने भेकण्याचा आवाज. भेकर कुत्र्यासारखं ओरडतं. ज्यांनी तो आवाज अंधारात जवळून ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. डुक्कर नव्हतंच ते. आणि मेलंही नव्हतं.

तर 'सीझन'. कसला सीझन? आपल्या देशात शिकारीचा सीझन नावाची गोष्ट नाही. कधीकाळी होती. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात शिकारीला बंदी असलेले महिने ठरवलेले असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी सुरुवातीला त्यात परवाना काढून शिकार करायची सोय शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. म्हणजे या पाचांपैकी निम्मे जन्मले असतील-नसतील तेव्हाच त्यांचा सीझन बंद झालाय. मेलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं, आणि हे बॉनेटवर टाकून वाटे मागतायत. आणि कुणाला भीती नाही! फोटो लपवायचीही गरज वाटत नाही! जोधपूरजवळ कांकाणीत १९९८ ला काळवीट मारलं गेलं, खालच्या कोर्टात पाच वर्षांची शिक्षा सुनावायला २०१८ उजाडलं. तेही बिश्नोई समाज हटून बसला म्हणून. भेकरासाठी कोण बसणार आहे हटून?

परंपरा म्हणे. ही परंपरा कोणाची, ते तरी बघा. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या मागे सोडायला चित्ते पाळत, इथले मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणवत. १९४७ च्या सुमाराला सरगुजाकडच्या कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्रीत तीन चित्ते मारले, ते देशातले शेवटचे नोंदलेले. १९५२ ला चित्ता संपल्याचं जाहीर झालं आणि सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ आणून कुनोत सोडावे लागले. ही ती परंपरा. आणि जे खरोखर पोटासाठी फासे लावत त्या फासेपारध्यांना आपण काय दिलं? इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. गावाजवळ पारध्यांचं पाल पडलं की पहिला फोन पोलिसांना जातो. जीपवाल्यांना मात्र टाळ्या.

त्या रात्री मामा खाली उतरला नाही. जखमी जनावराच्या मागे अंधारात जायचं नसतं. पण झोपलाही नाही. भेकर थांबून थांबून ओरडत होतं, आणि दरवेळी मामा मान उचलायचा. उजाडल्या-उजाडल्या त्याने कोयता घेतला. मामीने वरूनच विचारलं, आता कशाला जाता, मेलंच असेल. तो म्हणाला, 'मारला आपण, तर शोधूक पण आपणच होया.' मी मागे गेले. रक्ताचे ठिपके पानांवर होते, मग नव्हते, मग एका दगडावर पुन्हा. दोन तास शोधलं. व्हाळाच्या काठाला सापडलं. मागचा पाय मोडलेला, पाण्याकडे तोंड. आम्हाला बघून उठायला गेलं. मामाने मला पाठ करून उभं राहायला सांगितलं.

मी पाठ केली. पण ऐकलं.

मांस घरी आलं, मामीने शिजवलं, सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. चव वाईट नव्हती, हे खोटं सांगून काय करू.

आता कुणी म्हणेल, मग तुझा मामा आणि हे पाच, फरक काय? आहे. माझ्यासाठी जमीन-अस्मानाचा आहे. मामा चार रात्री जागला होता तो वर्षभराच्या भातासाठी. हे पाचजण बियर संपली की निघतात. मामा दोन तास रक्तामागे फिरला. हे जीपमधून बार काढतात, पडलं तर उचलतात, नाही पडलं तर पुढच्या वळणावर दुसरं शोधतात. जे लंगडत रानात गेलं त्याचं पुढे काय होतं, ते त्यांनी कधी बघितलंय का? मला विचारा. मी बघितलंय.

इथवर लिहून झालं आणि मामेभावाचा फोन आला, ग्रुपवरचं त्याच्याही कानावर गेलं होतं. तो तीच जमीन कसतो. म्हणाला, ताई, लिही तू, पण आमच्याबद्दल पण लिही. त्याने कुळीथ पेरायचं सोडलंय. नाचणी सोडलीय. डुकरं होतीच, आता गवे उतरतात, दिवसा वानरं असतात. मळ्याभोवती जुन्या साड्या बांधून झाल्या, डबे वाजवून झाले. नुकसानभरपाईसाठी पंचनामा करायला माणूस येईपर्यंत उरलेलंही जातं. त्याला काय सांगू? जनावरांवर प्रेम कर? कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाला धोका असलेल्या काही जनावरांना मारायची परवानगी मिळू शकते, पण ती वरून यायला लागते, आणि डुक्कर त्या कागदासाठी थांबत नाही. त्याच्या रागापुढे माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य.

पण त्याच्याच वाडीत आता फासक्या लागतात. मोटारसायकलच्या क्लचची तार घ्यायची, पाणंदीत लावायची, घरी जाऊन झोपायचं. डुकरासाठी लावली म्हणतात. तारेला काय कळतंय? कोकणातला पेपर उघडा, फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी काही नवी नसते. कमरेत तार रुतलेली, रात्रभर तसाच. विदर्भात कुंपणाच्या तारेत वीज सोडतात, त्यात जनावरं जातात, माणसंही जातात. ही शिकारही नाही. शिकारीत निदान माणूस तिथे हजर असतो.

आणि सरकारने मनावर घेतलं की काय होतं तेही बघितलंय आपण. २०१६ ला बिहारात मोकामाला रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, उपद्रवी ठरवून बाहेरून नेमबाज बोलावले आणि थोड्या दिवसांत दोनशेहून जास्त रोही मारली. पिकांचं नुकसान होत होतं, कबूल. पण शेकड्यांनी मारायची वेळ येईपर्यंत वर्षानुवर्षं सगळे काय करत होते?

ग्रुपवरच्या एकाचा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे म्हणे सरकारच परवाने देतं, हरणांचा सीझन असतो, शाळेतली मुलंसुद्धा बापाबरोबर जातात. जात असतील. तिकडे लांडगे बहुतेक मुलखातून संपवले, हरणं वाढली, बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीवांसाठी वापरतात, हेही वाचलंय मी. त्यांचं गणित बरोबर असेलही. त्यांच्याकडे हरणं कोटींनी मोजतात. आपल्याकडे रानात एक भेकर दिसलं तर आपण आठवडाभर लोकांना सांगतो. आणि गणित बरोबर असलं तरी मेलेल्या जनावराशेजारी दात काढून उभं राहायचं कारण मला कुणी सांगावं. त्या हसण्याचंच मला काही करता येत नाही. मारून माणूस गप्प झाला तर मी समजू शकते.

चिकनचं विचारणाऱ्यालाही सांगते. हो, खाते. त्यात मी शुद्ध नाही.

आता जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते, इतकं लिहिलंच आहे तर.

त्या रात्री कोपर लागल्यावर मी बटण दाबलं तेव्हा मामाने लगेच बार काढला नाही. भाताआड काहीतरी काळं हललं आणि दोन डोळे क्षणभर चमकले. मामाच्या बाजूने बांधावरचं झुडूप आड येत असावं. त्याने हळूच विचारलं, 'काय दिसता गे?' आणि मी म्हणाले, 'डुकर.'

मी म्हणाले. मला डुक्करच हवं होतं. चार तास माळ्यावर बसून मला काहीतरी व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं जमली. डुकरासाठी दबा धरून बसलेल्या माणसाने भेकर कसं मारलं म्हणून मामाची थट्टा केली. मामा म्हणाला, 'माका नीट दिसूक नाय.' माझ्याकडे बघितलंही नाही. मामीलासुद्धा त्याने कधी सांगितलं नाही, मला माहीत आहे.

बऱ्याच वर्षांनी कुठेतरी वाचलं, की डुकराचे डोळे बॅटरीत हरणासारखे लखलखत नाहीत, त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा तो पडदाच नसतो. वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मामाने आयुष्यभर जागली केल्या होत्या. त्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असणार. त्याला झुडपाआडून ते डोळे दिसले असतील का? दिसले असतील तर चाप का ओढला? झोप नव्हती म्हणून? निम्मा मळा गेल्याच्या रागात, की समोर जे येईल त्याला? का पोरीवर विश्वास ठेवला? मामाला जाऊन अकरा वर्षं झाली. विचारायचं राहिलं.

एवढं माहीत आहे, की त्यानंतर जागलीला तो डबा घेऊन जायचा. बंदूक घरातच टांगलेली असायची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला लागते, तशी एकदा जमा केली आणि निवडणूक झाल्यावर तो ती परत आणायला गेलाच नाही. घरात कुणी विषयही काढला नाही.

मगाशी रागात होते तेव्हा वाटत होतं, फोटो सरळ वनखात्याला पाठवावा. पाठवला. हो, पाठवलाय, आणि ग्रुपवरच्यांनी हे वाचलं तर वाचू दे. वर्गमित्र असाल, माझी त्याला ना नाही.

पण त्या पोराचं काय करायचं ते मला कळत नाहीये. त्या पाचांपैकी कुणाचा तरी मुलगा असेल, भाचा असेल. हट्ट करून गेलं असेल, जसं मी गेले होते. बॅटरी हलवायची नाही असं त्यालाही सांगितलं असेल. भेकर उजेडात कसं खिळून उभं राहतं ते त्याने बघितलंय. बाकीच्यांना नुसतं जनावर दिसलं असेल, उजेड याच्या हातात होता.

फोटो टाकणाऱ्याला मी वेगळा मेसेज केला. भांडले नाही. एवढंच विचारलं, की तो मुलगा कोणाचा, आणि काल रात्री घरी आल्यावर तो जेवला का.