जमीन मकुलेकेंची, जंगल क्रूगरचे

व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील 591 गावांचे पुनर्वसन लवकर उरकावे, असे पत्र राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून 2024 मध्ये राज्यांना पाठवले. त्यावरची आपल्याकडची चर्चा मी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात बसून वाचतो, तेव्हा ती ‘वाघ की माणूस’ याच्या पुढे जात नाही याचे वाईट वाटते. जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात राहूनच जातो.

इथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, लिम्पोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या बेचक्यात, मकुलेके लोकांची गावे होती. 1969 मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना बंदुकीच्या धाकाने हुसकावले, स्वतःची घरे स्वतःच्याच हातांनी पेटवायला लावली आणि ती जमीन उद्यानाला जोडली. लोकशाही आल्यानंतर त्यांनी दावा लावला आणि 1998 मध्ये सुमारे 24 हजार हेक्टरांची मालकी परत मिळवली. मात्र करारानुसार तिथे वस्ती, शेती वा खाणकाम होत नाही. जंगल क्रूगरमध्येच आहे, त्याचा कारभार संयुक्त मंडळ पाहते आणि लॉजचे भाडे मकुलेकेंच्या सामाईक संस्थेकडे जाते. तिथे आम्हाला फिरवणारा मार्गदर्शक मकुलेकेच होता. पिवळसर हिरव्या खोडांच्या रानाशेजारी जीप थांबवून त्याने आजोबांच्या घराची जागा दाखवली आणि लगेच हत्तींच्या ताज्या मागाकडे वळला.

आपल्याकडे उठणाऱ्या कुटुंबाला पंधरा लाखांचे पॅकेज मिळते आणि तिथेच त्याचा जंगलाशी हिशेब संपतो. मेळघाटातून हलवलेली काही कोरकू कुटुंबे नव्या जागी हाल झाल्यामुळे पुन्हा जंगलात परतली होती, हे विसरता येत नाही.

मकुलेकेंचा करार जसाच्या तसा विदर्भात चालणार नाही, हे मान्य आहे. क्रूगरला बऱ्याच अंतरापर्यंत कुंपण आहे, तर चंद्रपुरात वाघ थेट धानाच्या बांधावर येतो. शिवाय 2020 च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले, तेव्हा पर्यटनावर विसंबलेले उत्पन्न किती कच्चे असते तेही इथे दिसले. तरीही ग्रामसभेच्या खऱ्या संमतीने एखादे गाव उठणार असेल, तर सोडलेल्या जमिनीवर आणि सामूहिक वनहक्कावर तिचे नाव कायम राहावे आणि प्रवेश शुल्कातला वाटा तिला मालकीण म्हणून मिळावा, ही मागणी आपल्या वन्यजीवप्रेमींनीच लावून धरली पाहिजे.