पाठ लागली का?

आमच्या घराण्यात प्रेरणास्थान एकच. आत्या. मला मार्क कमी पडले, "आत्याकडं बघ." नोकरी लागेना, "आत्याकडं बघ." आता पोट सुटलंय, तर बायको म्हणते, "आत्यांकडं बघा जरा." बघून बघून मान आखडली.

ही आत्या प्राथमिक शाळेतून रिटायर झाली आणि चौसष्टाव्या वर्षी एका सकाळी म्हणाली, "स्कुटी शिकतो मी. तू शिकवायचंस." (कोल्हापुरात बायकाही 'शिकतो', 'जातो' म्हणतात. आत्या म्हणाली की तो हुकूम असतो.)

शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला, हे आत्यानं जन्मभर वर्गात सांगितलं. त्यामुळं सक्ती शिकवणाऱ्यालाही लागू असते, असा तिचा समज. मी वर्षाचे बारा रुपये आगाऊ भरायला तयार होतो. घेतले नाहीत.

लर्निंग लायसनच्या परीक्षेत तिला पंधरापैकी पंधरा. मला माझ्या वेळी दहा होते, ही गोष्ट घरात त्या दिवशी फुटली.

पहाटे साडेपाचला गांधी मैदान. उन्हाळा होता म्हणून बरं, पावसाळ्यात तिथं होडीच शिकवावी लागली असती. "आत्या, मूठ हळू पीळ," म्हटलं. तिनं ओलं नऊवारी पिळावं तशी पिळली. फुटबॉलची प्रॅक्टिस करणारी पेठेतली पोरं दोन्ही बाजूंना पांगली, गाडी सरळ गोलात गेली आणि आडवी झाली. मी धावलो. आत्या कुशीवर पडून मलाच विचारते, "पाठ लागली का माझी?"

"न्हाई."

"मग कुस्ती चालू हाय. उचल गाडी."

आमचे आजोबा पोरांना खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. आत्याला कधी नेलं नाही. सोप्यात बसून ऐकलेल्या गप्पांवर तिनं सगळे नियम पाठ केले, आणि त्यांचा हिशोब साठ वर्षांनी माझ्या स्कुटीवर चुकता केला. डावा इंडिकेटर, आरसा, पुढचा मडगार्ड.

महिन्याभरात रस्त्यावर. बिंदू चौकात हवालदारानं शिट्टी मारली, जवळ आला आणि एकदम हात जोडून उभा राहिला. चौथी ब. आत्यानं त्याला तिथंच एकोणतीसचा पाढा विचारला. एकोणतीस सत्ते चुकलं, मागं हॉर्नचा नुसता कल्ला. शेवटी त्यानं लाजत माझ्याकडं बोट केलं: मागं बसलेल्याला हेल्मेट नाही. गाडी माझी, त्यामुळं चलन माझ्याच मोबाईलवर आलं. "नियम म्हणजे नियम," आत्या म्हणाली, आणि हवालदाराच्या पाठीवर शाबासकीची थाप.

आता ती पक्क्या लायसनवर रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला स्वतःच्या गाडीवरून जाते. मी हातातून सुटलेल्या फुग्यासारखा मोकळा झालो होतो.

परवा पहिला पाऊस पडला. रंकाळ्याच्या वळणावर माझीच मोटारसायकल घसरली, मी चिखलात उताणा. डोळे उघडले तर वर आत्या. गाडी स्टँडवर व्यवस्थित लावलेली, हेल्मेट डोक्यावर, हात पुढं नाही.

"पाठ लागली का?"

शर्ट मागून पार लडबडला होता.

"न्हाई," मी म्हटलं.