‘चार फास्टनर मारा, कुठलीही भिंत धरते’: नाही धरत

नाशकात पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत, रो-हाउसच्या गॅरेजात जिम थाटणाऱ्या कुणाच्याही मोबाइलवर हा सल्ला येऊन पडतो: ‘10 एमएमचे चार फास्टनर मारा. एकेक 300 किलो धरतो, म्हणजे झाले 1,200. पुल-अप बार असो की पंचिंग बॅग, कुठल्याही भिंतीवर चालतं. शंका असेल तर मागे प्लाय लावा.’ फास्टनर म्हणजे भिंतीतल्या भोकात फुगून अडकणारा बोल्ट. या सल्ल्यातली एकही गोष्ट जशीच्या तशी मानू नका.

आधी ते 1,200 किलो. पाकिटावरचा आकडा काँक्रीटमधला असतो, विटेतला नाही. शिवाय वजन चार बोल्टांवर सारखं वाटलं जात नाही. बार भिंतीपासून 60 सेंमी पुढे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत 40 सेंमी अंतर धरा. 80 किलोचा माणूस नुसता लटकला तरी वरचे बोल्ट मिळून 120 किलोच्या ताणाने भिंतीतून बाहेर ओढले जातात. झटका देऊन वर गेला की हा ताण दुपटीवर जाऊ शकतो. ब्रॅकेट 20 सेंमीचंच असेल तर 120 चे 240 होतात, झटका वेगळाच. म्हणून विकत घेताना पाइपच्या जाडीआधी ब्रॅकेटची उंची बघा.

‘कुठलीही भिंत’ हा सगळ्यात घातक भाग. फास्टनर फुगून भोकाच्या कडांवर दाबतो आणि त्या दाबावरच टिकतो. काँक्रीट तो दाब सोसतं, वीट तडकते, एएसी ब्लॉकचा (हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ठोकळा) भुगा होतो आणि बोल्ट जागेवरच गरगर फिरतो. आपली भिंत कसली, हे ड्रिलच्या भुकटीवरून कळतं: लाल म्हणजे भाजकी वीट, पांढुरकी आणि ड्रिल सहज आत जात असेल तर एएसी. करडी दिसली की लोक काँक्रीट समजतात, पण एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ असलेल्या नाशकात राखेच्या विटाही असतात, आणि त्यांची भुकटीही करडीच. नक्की करायचं तर बांधकामाच्या नकाशात कॉलम-बीम कुठे आहेत ते शोधा.

बार कॉलमवर किंवा बीमवरच बसवा. भोक कॉलमच्या कडेजवळ नको, मधल्या पट्ट्यात घ्या. 10 एमएमच्या बोल्टची किमान 60 मिमी लांबी काँक्रीटच्या आत हवी, आणि प्लास्टर त्यात धरायचं नाही. इथेच गफलत होते: 80 मिमीचा बोल्ट, त्यातून प्लास्टरचे 20, प्लेटचे 5, नट-वायसरचे 12 गेले की उरतात जेमतेम 43. त्यापेक्षा 100 चा घ्या. भोक पाडल्यावर फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. भुकटी राहिली की बोल्ट घसरतो. ड्रिल सळईला लागलं तर सळई कापू नका, जुनं भोक मॉर्टरने भरून बाजूला सरका.

कॉलम सोयीच्या जागी नसेल तर 9 इंची विटेच्या भिंतीतून 12 एमएमची आटेवाली सळई आरपार काढा आणि पलीकडून 150 × 150 × 6 मिमीची लोखंडी प्लेट लावून आवळा. बाहेरची भिंत असेल तर भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा आणि प्लेटभोवती सीलंट भरा, नाहीतर पावसाळ्यात पाणी सळईवरून आत येईल. साडेचार इंची भिंतीवर मात्र बार नकोच, जमिनीवर उभा राहणारा रॅक घ्या.

प्लायचं म्हणाल तर 18 मिमीचा तुकडा त्याच विटांत स्क्रूने बसवला की भार शेवटी त्याच विटांवर येतो. दोन कॉलमना जोडणारं लोखंडी चॅनल टाकलं तर गोष्ट वेगळी.

पंचिंग बॅग तर भिंतीला लावूच नये. ती प्रत्येक ठोशाला ब्रॅकेट हलवते आणि नट सैल करते. स्लॅबऐवजी बीममध्ये हूक घ्या, वर दुहेरी नट लावा आणि मध्ये स्प्रिंग टाका.

काम झाल्यावर वजन टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिल्या आठवड्यानंतर पाना लावून बघा. नट पुन्हा फिरला, किंवा प्लेटच्या कडेने प्लास्टरवर केसाएवढी भेग दिसली, तर वापर तिथेच थांबवा. नुसतं आवळून पुन्हा लटकू नका, बोल्ट काढून जागा बदला.