कोरियन आजी पाहिजे, अनुभवाची अट नाही

न्यू जर्सीत राहून कोरियन आजी मिळत नाही असं कोणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो. इथल्या पॅलिसेड्स पार्कमधे अर्ध्याहून जास्त वस्ती कोरियन आहे, ब्रॉड अ‍ॅव्हेन्यूवर बेकरीपासून वकिलापर्यंत पाट्या कोरियन लिपीत, आणि सकाळी डोक्याला व्हायझर लावून तरातरा चालणाऱ्या आज्या हव्या तेवढ्या. पण त्यातली एक स्टेजवर उभी करायची म्हटलं की सगळ्या गायब.

झालंय असं की आमच्या हौशी ग्रुपने एक नवं नाटक घेतलंय. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं, त्यानंतरच्या लाटेत आलेलं कुटुंब, ऐंशीच्या दशकातलं ड्रायक्लीनिंगचं दुकान, तिकडे इंजिनियर असलेला बाप इकडे शर्टांना इस्त्री मारतोय, आई 'के' चालवते (म्हणजे आपली भिशीच हो, तसेच आळीपाळीने पैसे उचलायचे आणि तसेच रुसवेफुगवे), दोन मुलं आणि एक खमकी आजी. डायरेक्टरबाई आणि लेखक दोघंही कोरियन-अमेरिकन. मी गेलो होतो लाईट्स करायला, पण याला एक्सेल येतं एवढ्या भांडवलावर कास्टिंगचा कारभार माझ्या गळ्यात पडला.

आता ऑडिशनला कोणाला वय विचारायचं नाही असा इथला दंडक. फॉर्मवर फक्त 'किती वर्षांपर्यंतचे दिसू शकता' एवढंच. आम्ही तो नियम काटेकोर पाळला, आणि बाहेर कॉरिडॉरमधे बसलेल्या मंडळींनी पाच मिनिटांत एकमेकांची जन्मसालं काढून घेतली कारण कोरियनमधे समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय वाक्य कुठल्या क्रियापदाने संपवायचं तेच ठरत नाही. तिकडे जन्मल्याजन्मल्या एक वर्षाचं धरायची पद्धत सरकारी कागदांतून २०२३ मधे गेली, पण कॉरिडॉरला कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. मी नाव पुकारायला गेलो तर सगळ्यात धाकटा बिचारा सगळ्यांसाठी कॉफी आणायला गेलेला, आणि त्याचाच नंबर होता.

बापाच्या रोलला दोन प्रकारचे लोक आले. एक इथेच जन्मलेले, इंग्रजी असं की बातम्या द्याव्यात, ते आत आले की आपापल्या वडिलांची नक्कल सुरू करायचे आणि तिसऱ्या वाक्याला त्याचं कार्टून व्हायचं, डायरेक्टरबाई डोळेच मिटून घ्यायच्या. दुसरे मोठेपणी सोल-बुसानहून आलेले. त्यांचे उच्चार नाटकाला हवे तस्से, पण ऑफिसात कोणी दोनदा विचारू नये म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं घासून काढलेले, आणि ऑडिशनला तर चुकूनही डोकावू नयेत म्हणून जीव मुठीत धरून एकेक शब्द बोलणार. त्यांना 'काका, जरा घरच्यासारखं बोला' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी स्वतः कस्टमर केअरला फोन लावताना व्ही आणि डब्ल्यू सांभाळत बसतो. शेवटी यातलेच एक गृहस्थ आत बर्फासारखं वाचून गेले आणि बाहेर पार्किंगच्या दंडावरून जे काही कडाडले, त्यावर बाईंनी खिडकीतूनच बाप फायनल केला. रविवारच्या तालमी मात्र त्यांनी पहिल्याच फोनवर उडवल्या. रविवारी चर्च, मग तिथेच जेवण, मग कमिटीची मीटिंग. म्हणजे मंडळवाल्यांसारखंच, रविवार त्यांचा कधीच नसतो.

ही बातमी आमच्या हिच्याकडून इथल्याच एडिसन गावच्या भिशीत गेली आणि मग खरा छळ सुरू झाला. लॉकडाऊनपासून के-ड्रामावर पोसलेल्या एका वहिनींचा फोन, "भावजी, आजी मीच करते, मला कोरियन येतं." येतं म्हणजे 'सारांघे' (आय लव्ह यू) आणि जेवणाचे चार पदार्थ. मी त्यांना म्हणलं, वहिनी असं नसतं हो. १९९० मधे 'मिस सायगॉन' हे संगीत नाटक लंडनहून ब्रॉडवेला यायचं होतं तर गोऱ्या नटाने अर्धा आशियाई माणूस करण्यावरून नटांच्या युनियनने आधी परवानगीच नाकारली होती, मग गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत निर्णय फिरवला, पण लंडनमधे त्याने डोळ्यांना काय काय चिकटवलं होतं ते लोक अजून विसरले नाहीत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी काही चिकटवणार नाही. मी आशियाईच आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी डायरेक्टरबाईंचा निर्णय आहे म्हणून हात झटकले. वहिनींनी अजून दिवाळीच्या फराळाला बोलावलेलं नाहीये.

आजी शेवटी मिळाली ती अशी की धाकट्या मुलाचा रोल करणाऱ्या पोराला सोडायला त्याची खरी आजी आली होती. मागच्या खुर्चीत बसून ती प्रत्येकाचं कोरियन दुरुस्त करत होती, आधी पुटपुटत, मग मोठ्याने, मग उठून स्टेजवर येऊन. बाईंनी तिथल्या तिथे रोल देऊ केला. आजी तयार, पण अटींसह. ब्लाऊज इस्त्रीचं पाहिजे, सुनेचे दोन डायलॉग कमी करा, आणि दुसऱ्या अंकात आजी मरते ते चालणार नाही, चर्चमधल्या बायका बघायला येणारेत.

लेखक म्हणतोय तिच्या मरण्यावरच तिसरा अंक उभा आहे. आजी म्हणतेय मग सुनेला मारा.