मंगळवार पेठेतल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वय ७१ आणि राहणं मंगळवार पेठेत एवढं सांगितलंत, म्हणून काका म्हणते. मानसिक आजार असलेल्या माझ्या धाकट्या भावाचा दिव्यांग दाखला काढल्याबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अपंग म्हणजे कोल्हापुरातल्या नसीमादीदी हुरजूक यांच्या संस्थेतली, चाकाच्या खुर्चीवर बसून जिद्दीनं शिकणारी मुलं. डोक्याच्या आजाराला अपंगत्व म्हणणं म्हणजे धडधाकट पोराच्या कपाळावर जन्माचा शिक्का मारणं. तुमच्या लहानपणी पेठेत असे दोघं-तिघं होते, त्यांना तालमीनं सांभाळलं, कुणाला दाखला लागला नाही. आणि आता आम्ही घरची जबाबदारी सरकारच्या गळ्यात बांधतोय.

तालमीचं आधी बोलते, कारण त्यात तुमचं खरं आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीत आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. रात्री दोन वाजता तालीम मंडळाची पोरं दोर घेऊन आली, आईला खांद्यावर घेतलं आणि कोरड्या जागी पोचवलं. तिथं भाकरी होती, चादरी होती, कुणी कुणाला जात विचारली नाही. ही माणुसकी मी डोळ्यांनी पाहिली आहे, तिच्याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही.

पण धाकट्याच्या गोळ्या घरातच राहिल्या होत्या. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या, रोज रात्री घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यातलाच एक पोरगा म्हणाला, "ताई, बोट तिकडंच निघालीय, काय आणायचंय का?" मी म्हटलं, डब्यात गोळ्या आहेत. त्यानं विचारलं, "कसल्या?" आणि मी म्हणाले, "ॲसिडिटीच्या. राहू देत."

शिरोलीला हायवे बंद, दुकानांत औषधांचा तुटवडा. अकरा दिवस त्याला गोळी मिळाली नाही. आधी झोप गेली, मग डोक्यातले आवाज परत आले, आणि सप्टेंबरात त्याचं काम गेलं. त्या पोरानं त्या गोळ्यांसाठी पाण्यात उडी मारली असती, काका. मी त्याला सांगितलं नाही. तालीम हाकेला धावते, पण या आजारात घरच हाक मारत नाही. बहिणीचं लग्न, शेजारपाजार, पाहुण्यांची कुजबुज, असं सगळं आठवून आम्ही तोंड मिटून बसतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. दवाखाने कमी आहेत हे त्याचं एक कारण. माझं ते "राहू देत" हे दुसरं.

आणि पेठेत तालमीच्या पायरीवर बसणाऱ्या त्या माणसाबद्दल मला खरंच विचारायचं आहे. चहा त्याला सगळे द्यायचे, असं तुम्ही लिहिलंत. तो रात्री कुठं झोपायचा? त्याची नखं कोण कापायचं? त्याचा शेवट कसा झाला? आमच्या गल्लीतही असा एक होता. त्याची आई अंबाबाईला जाताना बाहेरून कडी घालून जायची. माऊली वाईट नव्हती, तिला दुसरा आधारच नव्हता. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली आणि २८ माणसं गेली. पळता आलं नाही, कारण ती साखळीनं बांधलेली होती. त्यांनाही बहुतेक घरच्यांनीच, बरं होईल या आशेनं तिथं आणून ठेवलेलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता साखळीला स्पष्ट मनाई केली आहे.

शिक्क्याचं म्हणाल, तर मानसिक आजार हे अपंगत्व धरलं जाणं आजचं नाही. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातल्या सात प्रकारांत तो होताच. फक्त नोकरीतलं ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हातापायांच्या अपंगत्वापुरतं होतं, या लोकांच्या वाट्याला काही नव्हतं. २०१६ च्या कायद्यानं प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्के केलं आणि त्यातल्या एका टक्क्यात इतरांबरोबर मानसिक आजारालाही जागा दिली. तपासणीच्या खिडकीवर आम्हालाही ऐकावं लागलं, "हातपाय तर चांगले दिसतात की." मला रडू आलं. पण आत डॉक्टरांनी नीट विचारलं. स्वतः अंघोळ करतो का, घरच्यांशी बोलतो का, सांगितलेलं समजतं का, काम जमतं का, आजार किती वर्षांचा. त्यावर गुण दिले जातात आणि त्यातून टक्केवारी निघते. ४० टक्के किंवा त्याच्या पुढे असलं तर बहुतेक सवलती लागू होतात. भावाचा दाखला पाच वर्षांचा आहे, नंतर पुन्हा तपासणी. शिक्का म्हणाल तर तो आमच्यावर दाखल्याच्या कितीतरी आधी बसला होता, गल्लीत कुणी आमच्या दारात थांबेनासं झालं तेव्हा.

आता नसीमादीदींचं. त्यांनी १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, त्याचा अभिमान तुमच्याइतकाच मलाही आहे. पण त्यांच्या कामातून मी जे शिकले ते जिद्दीपेक्षा वेगळं आहे. मुलगा पायऱ्या चढू शकत नाही, तर इमारतीला रॅम्प करायचा, मुलाला चढण्याची जिद्द शिकवत बसायचं नाही. माझ्या भावाला हा रॅम्प उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिळाला. भाऊ टर्नर आहे, लेथवर हात बसलेला. आधीच्या ठिकाणी तीन पाळ्या होत्या, रात्रपाळीत गोळी चुकायची आणि सकाळच्या पाळीला गोळीची गुंगी. नव्या मालकांना मी पहिल्याच दिवशी दाखला दाखवला. पोटात गोळा आला होता. त्यांनी वाचला आणि विचारलं, "मग त्याला काय लागतंय, ते सांगा." मी सांगितलं: सकाळी दहाच्या आधी नको, आणि दिवसाला चारच तास. एका वेळी एकच जॉब सांगा, तोही ड्रॉइंगवर लिहून. शेजारच्या मशिनवरचा रेडिओ बंद, कारण रेडिओतला आवाज आणि डोक्यातला आवाज एकमेकांत मिसळतात. मधूनच बाहेर जाऊन दहा मिनिटं उभा राहिला तर हाक मारू नका. ते म्हणाले, "एवढंच व्हय? चार तास तर चार तास, येऊ दे की." दीड वर्ष झालं. मायक्रोमीटर लावून माप घेताना त्याचा हात आजही हलत नाही.

जबाबदारी आम्ही टाकलेली नाही. गोळी मीच देते, रात्री दाराशी मीच झोपते. पण सरकारी नोकरीत असता तर आजारपणामुळे त्याला काढता आलं नसतं, २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये तशी तरतूद आहे. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला एका भल्या मालकाच्या मर्जीवर जगावं लागतं. हे मला पुरेसं वाटत नाही, आणि म्हणून मी लिहीत राहणार.

काका, तुमच्या प्रतिक्रियेची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. "आमचा पुतण्याही असाच खोलीत बसून असतो, पण आम्ही त्याचा बाजार मांडला नाही." बाजार मांडू नकाच. गल्लीत कुणाला सांगायची गरज नाही. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, फुकट हेल्पलाइन आहे, तिथं मराठीत बोलता येतं आणि आधी तुम्ही एकटेही बोलू शकता. त्याला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा आजाराची माहिती गुप्त ठेवणं हे कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याचा तुमच्यावर विश्वास असेल तर साध्या कागदावर त्याच्या सहीनं तो तुम्हाला आपला प्रतिनिधी नेमू शकतो, म्हणजे तब्येत बिघडली तर त्याच्या वतीनं बोलायला तुम्ही असाल. आणि पूर्वी कुठं दाखवलं असेल, तर त्या जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, उंच, पाणी पोचणार नाही अशा जागी.