ट्यूब पेटेना, आणि मीही

घरात मला लहानपणापासून ट्यूबलाइट म्हणतात, सांगितलेलं डोक्यात शिरायला वेळ लागतो म्हणून. त्यामुळे परवा रात्री हॉलमधली ट्यूब पाच मिनिटं झाली तरी लागेना, नुसती दोन्ही टोकं लालसर करून बसली, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. घ्या, तुमचेच भाऊबंद!

मग काय, स्टूल आलं, मी चढलो आणि खालून सल्ले सुरू. बाबा म्हणाले, "जरा फिरव रे." फिरवली. बायको म्हणाली, "अहो, चोक गेला असेल." पोरगा टॉर्च धरून उभा, म्हणजे थेट माझ्या डोळ्यांत, आणि वर प्रश्न, "बाबा, आत असतं काय?"

आत जवळजवळ काहीच नसतं हो! थोडासा आरगॉन वायू, तोही इतका विरळ की बाहेरच्या हवेच्या दाबाचा 1 टक्कासुद्धा भरत नाही, चिमूटभराहूनही कमी पारा, टोकांना टंगस्टनची फिलामेंट आणि काचेला आतून पांढरी पावडर. वीज खेळायला लागली की पाऱ्याची वाफ 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडते, जे आपल्याला दिसतच नाहीत, ते ही पावडर गिळते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकते. राबते पावडर, नाव ट्यूबचं. पण हे सगळं सुरू व्हायला धक्का लागतो आणि तिथे येतो तो स्टार्टर. त्याच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी, ती तापून वाकते, चिकटते, तेवढ्यात फिलामेंट गरम होतात, मग पट्टी गार होऊन सुटते आणि सुटताक्षणी चोक (ट्यूबला जोडलेली तारेची गुंडाळी) काही शे व्होल्टचा दणका देतो. नाही पेटली तर पुन्हा पहिल्यापासून, तीच ती लुकलुक. म्हणजे उशीर ट्यूब करतच नाही, स्टार्टर करतो! इतकी वर्षं तिची बदनामी (आणि माझी).

आणि मग, उशिरा का होईना, माझी पेटली. टोकं सारखी लाल आणि लुकलुक अजिबात नाही, म्हणजे पट्टी चिकटलीये ती सुटतच नाहीये! देवाचं नाव घेऊन (तुम्ही हे करू नका, बटण चालू होतं) स्टार्टर पाव फेरा फिरवून बाहेर ओढला आणि लख्ख!

"अहो, स्टार्टर तुमच्या हातात, मग ट्यूब चालू कशी?"

अशी संधी आयुष्यात एकदाच येते. स्टुलावरूनच भाषण ठोकलं, की एकदा पेटली की स्टार्टरचं काम संपलं, पुढे करंट आवरायचं काम चोकचं, फक्त नवा स्टार्टर येईपर्यंत हे बटण कोणीही...

"झालं ना काम?" म्हणत बाबांनी सवयीने बटण बंद केलं. आणि पोराने, बॅटरी वाचवायला म्हणून, टॉर्च तर आधीच बंद केला होता.